कोलेस्टेरॉलची गोळी सोसत नसेल तर...

कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून तिच्याऐवजी दुसरे काही द्या, ही मागणी अलीकडे दवाखान्यात इतक्या वेळा ऐकू येते की सर्दी-खोकल्याखालोखाल तिचाच नंबर लागावा. कोणाचे पाय दुखतात, कोणाला अशक्तपणा वाटतो, कोणाला गोळी 'गरम पडते', तर कोणाची झोप मोबाईलवर आलेल्या एखाद्या संदेशाने उडालेली असते. या सदराच्या वाचकांचीही याच विषयावर वारंवार विचारणा असते. त्या सर्वांना मिळून आजचा लेख.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. स्टॅटिन गटातील गोळ्यांना पर्याय आहेत आणि ते चांगले आहेत. परंतु पर्याय मागणाऱ्या बहुतेकांना त्याची गरज नसते आणि ज्यांना खरोखर गरज असते ते नेमके चुकीच्या दुकानाची पायरी चढतात.

दोन रुग्णांची उदाहरणे घेऊ. एक निवृत्त गुरुजी. तीन वर्षांपूर्वी ॲन्जिओप्लास्टी होऊन स्टेंट बसलेला. पोटऱ्या दुखतात म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यांनी गोळी स्वतःच बंद केली आणि रोज सकाळी दुधीचा रस सुरू केला. "डॉक्टर, आता एकदम हलकं वाटतंय," असे ते आनंदाने सांगत होते. रक्त तपासले तर एल.डी.एल., म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १४८ निघाले. दुसरा अडतीस वर्षांचा बँकेतला कारकून. बिडी-सिगारेट नाही, रक्तदाब नाही, मधुमेह नाही, घरात कोणाला लहान वयात हृदयविकार नाही. ऑफिसच्या तपासणी शिबिरात एकूण कोलेस्टेरॉल २१२ आले, रिपोर्टवर त्यापुढे चांदणी छापलेली होती, आणि मेहुण्याला चालते तीच गोळी त्याने केमिस्टकडून आणून घ्यायला सुरुवात केली. दोघांचेही म्हणणे एकच: 'दुसरे काही द्या.' गुरुजींना औषधाशिवाय राहणे धोक्याचे होते. कारकुनाला ना गोळी लागत होती ना तिचा पर्याय. त्याला रोज चालणे आणि बेकरीचे पदार्थ कमी करणे एवढेच लागत होते.

म्हणून पर्यायाची चर्चा करण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे, की मी कोणत्या गटात आहे? हृदयविकाराचा झटका, स्टेंट, बायपास किंवा मेंदूचा झटका झालेल्यांचा गट वेगळा. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांचा वेगळा. धडधाकट माणसांचा आणखी वेगळा. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार पहिल्या गटाचे एल.डी.एल. ५५ च्या खाली, दुसऱ्याचे ७० च्या खाली आणि कमी धोका असणाऱ्यांचे १०० च्या खाली असावे. लॅबच्या रिपोर्टवर उजवीकडे छापलेला 'नॉर्मल' आकडा सर्वांना सारखाच असतो. त्यामुळे स्टेंटवाल्याला ९५ चा आकडा पाहून हायसे वाटते आणि निरोगी माणूस १२८ पाहून घाबरून जातो. दोघेही चुकतात.

आता गोळीविषयी. आपल्या रक्तातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग ताटातून येत नाही, तो यकृतात तयार होतो. स्टॅटिन तेथील एका एन्झाइमला अडवते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की ते रक्तातील एल.डी.एल. ओढून घेते. 'केमिकल' म्हणून ज्या गोळीला लोक नाके मुरडतात तिचा जन्म बुरशीतला आहे. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरशी तपासून पेनिसिलियम जातीच्या बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे काढले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. साधारण साडेपाच वर्षांत साध्या गोळीच्या गटातील २५६ जण मरण पावले, सिम्व्हास्टॅटिनच्या गटातील १८२. नुसता रक्तातील आकडा सुधारणारी औषधे पुष्कळ असतात; माणसे वाचवणारी थोडी. पर्याय तोलायचा तो याच तराजूत, हे ध्यानात ठेवावे.

दुष्परिणाम नाहीत असे मी म्हणणार नाही. स्नायू दुखतात. ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांच्यात मधुमेह थोडा लवकर उघड होऊ शकतो. २०१० साली तेरा चाचण्या एकत्र करून काढलेल्या हिशोबानुसार २५५ जणांना चार वर्षे गोळी दिली तर मधुमेहाचा एक जादा रुग्ण आढळतो. यकृताच्या तपासणीतले आकडे क्वचित वाढतात. आणि फारच क्वचित स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंडावर आघात होतो. याच कारणाने सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ साली जगभरातून मागे घेण्यात आले. अंग ठणकत असताना लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तेथे उद्यावर ढकलू नये.

स्नायूदुखीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण दहा तक्रारींतल्या आठ-नऊ तिच्याच असतात. लंडनमध्ये २०२० साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना वर्षभरासाठी बाटल्या देण्यात आल्या. चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि चार महिने रिकामी बाटली. महिन्यांची उलटापालट केलेली. रोज त्यांनी त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८ गुण, खोट्या गोळीला १५.४ आणि खऱ्या गोळीला १६.३! म्हणजे गोळी 'घेतो आहे' या जाणिवेनेच बहुतेक त्रास उभा राहिला होता. निकाल दाखवल्यावर साठपैकी निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केले.

यावरून काही डॉक्टर रुग्णाला "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे सांगून वाटेला लावतात. ते मला मुळीच मान्य नाही. त्या साठ जणांचे दुखणे खरे होते, फक्त त्याचे कारण गोळीतले औषध नव्हते. गुडघे धरून जिना उतरणाऱ्या आजींना तुमचे पाय दुखतच नाहीत म्हणून सांगण्यात कसले शहाणपण? शिवाय काहींना गोळीचा त्रास खरोखर होतो. तो ओळखण्याची रीत आहे. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या किंवा दोन्ही खांदे सारखेच दुखू लागले, गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत दुखू लागले, गोळी थांबवली की थोड्या आठवड्यांत थांबले आणि पुन्हा सुरू केल्यावर परत आले, तर संशय पक्का. एकच गुडघा, टाच किंवा कंबरेतून पायात जाणारी कळ यांचा दोष गोळीच्या माथी मारू नये.

त्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली थायरॉइड. थायरॉइड मंद असेल तर अंगही दुखते आणि कोलेस्टेरॉलही वाढते. असा रुग्ण स्टॅटिन घेऊ लागला की स्नायूंना दुप्पट त्रास होतो. तिथे थायरॉइडची गोळी हाच कोलेस्टेरॉलचाही उपचार ठरू शकतो. सी.पी.के. या रक्ततपासणीतून स्नायूंना इजा होते आहे का ते कळते. आणि तिसरी, जी हमखास विसरली जाते ती म्हणजे इतर औषधे. आपल्याकडे नायटा-गजकर्णाचे रुग्ण उदंड झाले आहेत आणि त्यांना इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आठवडेच्या आठवडे दिल्या जातात. ही कॅप्सूल सिम्व्हास्टॅटिनबरोबर घेऊच नये, ॲटोर्व्हास्टॅटिनचेही रक्तातील प्रमाण तिच्यामुळे पुष्कळ वाढते. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची गोष्ट तीच. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना हृदयाच्या गोळ्यांची पाकिटे घरी ठेवून जाऊ नयेत.

एवढे करूनही त्रास गोळीचाच ठरला, तरी लगेच स्टॅटिन सोडावे लागते असे नाही. एक हिशोब फार उपयोगाचा आहे. स्टॅटिनचा बहुतेक फायदा लहान डोसातच मिळतो. पुढे डोस दुप्पट केला की एल.डी.एल. जेमतेम आणखी सहा टक्के उतरते, त्रास मात्र वाढू शकतो. म्हणून डोस कमी करून पाहावा, किंवा गटातली दुसरी गोळी घ्यावी. रोसुव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकते, त्यामुळे ती एक दिवसाआड लहान प्रमाणात देऊनही चांगला उतार पडतो. हे आपल्या डॉक्टरांना विचारून करावे, शेजाऱ्यांना विचारून नव्हे.

आता खरे पर्याय. माझ्या मते यात पहिला मान एझेटिमाइबचा. ही गोळी यकृतात नव्हे तर आतड्यात काम करते, तेथून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. रोज १० मिलिग्रॅम, एल.डी.एल.मध्ये सुमारे अठरा ते वीस टक्के घट आणि स्नायूंचा त्रास अगदी क्वचित. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १८,१४४ रुग्णांच्या चाचणीत स्टॅटिनच्या जोडीला ती दिल्यावर झटक्यांचे प्रमाण आणखी थोडे घटले. कोरियात २०२२ साली झालेली चाचणी तर आपल्यासारख्या वैद्यांनी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवावी अशी आहे. ३,७८० हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम दिले, निम्म्यांना १० मिलिग्रॅम आणि सोबत एझेटिमाइब. तीन वर्षांनी परिणाम सारखाच. पण औषध सोसले नाही म्हणून ते बंद किंवा कमी करावे लागले असे रुग्ण पहिल्या गटात ८.२ टक्के होते, दुसऱ्यात ४.८ टक्के. वर उल्लेखलेल्या गुरुजींना हीच जोडी, त्याहूनही लहान डोसात, आता बिनतक्रार चालते आहे. ही औषधे आता अनेक भारतीय कंपन्या बनवतात, तेव्हा केमिस्टकडे स्वस्त जेनेरिक मागण्यात संकोच नसावा.

दुसरा पर्याय बेम्पेडोइक ॲसिड. ही गोळी नवी आहे, अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली आणि आपल्याकडेही मिळते. तिची गंमत अशी, की ती कामाला येते फक्त यकृतात पोहोचल्यावर. तिला जागे करणारे एन्झाइम स्नायूंत नसते, म्हणून स्नायू सुखरूप राहतात. स्टॅटिन न सोसणाऱ्या १३,९७० रुग्णांच्या २०२३ सालच्या चाचणीत झटके आणि तत्सम घटना १३.३ टक्क्यांवरून ११.७ टक्क्यांवर आल्या. मात्र युरिक ॲसिड वाढते, त्यामुळे ज्यांचा पायाचा अंगठा रात्री सुजून लाल होतो अशा गाऊटच्या रुग्णांनी ती जपून घ्यावी. पित्ताशयातील खडेही थोडे अधिक आढळले. त्रास नसलेला पर्याय असा नसतोच, त्रास निवडून घ्यायचा असतो.

इंजेक्शनेही आहेत. काही पंधरवड्याला घ्यायची, एक तर सुरुवातीच्या डोसांनंतर वर्षातून दोनदाच. एल.डी.एल. निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, पण किमतीही तशाच आहेत. ती हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याचा विषय. नायसिनच्या गोळ्या अजून कोणी घेत असेल तर २०११ आणि २०१४ च्या मोठ्या चाचण्यांनंतर त्यांत काही राम उरलेला नाही, एवढेच सांगतो.

आता 'नैसर्गिक' म्हणून जे विकले जाते त्याकडे वळू. अमेरिकेत २०२२ साली १९० जणांवर एक सरळसोट तुलना झाली. रोसुव्हास्टॅटिनची ५ मिलिग्रॅमची लहान गोळी, खोटी गोळी, आणि मासळीचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिज स्टेरॉल व रेड यीस्ट राइस यांच्या कॅप्सूल. अठ्ठावीस दिवसांत लहान गोळीने एल.डी.एल. सुमारे ३८ टक्के उतरले. बाकी एकही कॅप्सूल खोट्या गोळीच्या पुढे गेली नाही. लसणाच्या गटात तर एल.डी.एल. थोडे वाढलेलेच निघाले. फोडणीत लसूण जरूर घाला, चटणीही खा, पण उपाशीपोटी दोन पाकळ्या गिळल्या म्हणजे स्टेंट सुरक्षित झाला असे समजू नका. गुग्गुळाचे आपल्याकडे मोठे नाव. २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर त्याची रीतसर चाचणी झाली तेव्हा एल.डी.एल. उतरण्याऐवजी चार-पाच टक्के चढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले.

रेड यीस्ट राइसची तऱ्हा आणखी निराळी. लाल बुरशी लावून आंबवलेल्या या तांदळात जो गुणकारी घटक असतो तो हुबेहूब लोव्हास्टॅटिनच आहे! स्टॅटिन नको म्हणून माणूस महागडी बाटली आणतो आणि तिच्यातून स्टॅटिनच घेतो, तेही किती ते ठाऊक नसताना. जपानमध्ये २०२४ साली अशाच एका उत्पादनामुळे अनेकांची मूत्रपिंडे बिघडली आणि ते बाजारातून परत मागवावे लागले.

आणि दुधीचा रस. दुधीची भाजी उत्तम, दुधी हलवाही सणावारी चालेल. परंतु 'ब्लॉकेज विरघळवण्यासाठी' कच्च्या दुधीचा रस पिण्याची जी टूम निघाली आहे तिला माझा स्पष्ट विरोध आहे. रसाने ब्लॉकेज विरघळल्याचा पुरावा नाही. दुधी क्वचित कडू निघतो आणि त्या कडवटपणामागे कुकुर्बिटासिन नावाचे विष असते. २०१० साली दिल्लीत असा कडू रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून पाहावा, कडू असल्यास फेकून द्यावा, दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये, आणि रस प्यायल्यावर उलट्या किंवा अस्वस्थपणा आल्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे, असे त्या समितीने बजावले. या विषावर उतारा नाही. कारल्याच्या रसात तो मिसळून पिणाऱ्यांना तर कडवटपणा दुधीचा की कारल्याचा हेही कळायचे नाही.

मग आहाराचा काहीच उपयोग नाही का? पुष्कळ आहे, पण आकड्यात बोलू. टोरांटोत २००३ साली डेव्हिड जेंकिन्स यांनी ४६ जणांना एक महिना बदाम, सोयाबीन, वनस्पतिज स्टेरॉल आणि सातू, ओट, इसबगोल यांतला चिकट चोथा असा नेमका आहार दिला. एल.डी.एल. २८.६ टक्के उतरले. लोव्हास्टॅटिनच्या गटात ३०.९ टक्के. बातमी गाजली. परंतु तिथे अन्न पुरवले जात होते. पुढे लोकांना नुसता सल्ला देऊन घरी सोडले तेव्हा सहा महिन्यांत तेरा-चौदा टक्केच उतार पडला. ज्याचे एल.डी.एल. १५० आहे त्याचे १३० होईल. आपल्या कारकुनाला एवढे भरपूर झाले. स्टेंटवाल्याला ५५ गाठायचे आहे, त्याला ते पुरणार कसे?

आपल्या स्वयंपाकघरात हे कसे बसवायचे? इसबगोल रोज दोन-तीन चमचे, भरपूर पाण्यातून. इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवून. सातूचे पीठ भाकरीत मिसळावे. डाळी, उसळी, मटकी, हरभरा रोज. मूठभर शेंगदाणे चालतात, फक्त खारे नकोत. तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेले असते त्याला भुलू नये. कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसते. बघायचे ते संपृक्त मेदाकडे. शेंगतेल, करडई किंवा सूर्यफूल मापात बरे. पामतेल आणि खोबरेल एल.डी.एल. वाढवते. डालड्यातील घातक ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आली ही चांगली गोष्ट झाली, पण खारी, नानकटाई, फरसाण यांतला संपृक्त मेद कुठे गेला? अंड्याला घाबरणारी माणसे चहाबरोबर सहा-सहा खारी बुडवून खाताना मी रोज पाहतो.

एका गटाला मात्र आहार पुरणार नाही, हे आवर्जून सांगतो. एल.डी.एल. १९० च्या वर, घरात चाळिशी-पन्नाशीत हृदयविकाराने कोणी गेलेले, टाचेमागच्या शिरेवर किंवा बोटांच्या पेरांवर गाठी, असे असेल तर तो दोष जन्मजात असू शकतो. अशा रुग्णाने भावंडांचे व मुलांचेही रक्त तपासून घ्यावे. आणि मूल होण्याची इच्छा असलेल्या स्त्रियांनी कोलेस्टेरॉलची कोणतीही गोळी चालू असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे.

पुष्कळजण विचारतात, "रिपोर्ट नॉर्मल आला, आता बंद करू ना?" रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो. गोळी थांबवली की काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर जातो, आणि तो चढताना काही दुखत नाही, म्हणून कळतही नाही. औषध किंवा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा तपासणी करावी. त्यासाठी उपाशीपोटी जाण्याची आता बहुतेकांना गरज नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर निघाले तरच दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यावे लागते.